जेवलात का, विचारून थांबणाऱ्या बाई

सिल्व्हर पार्कातल्या आमच्या टॉवरच्या लिफ्टमध्ये मीच बोलते. 'कृपया दरवाजापासून दूर राहा', 'चौथा मजला', वगैरे वगैरे. धंदाच आवाजाचा आहे माझा. कुठल्या फोनवर 'कृपया प्रतीक्षा करा', कुठल्या मालिकेत परगावी गेलेल्या नटीच्या जागी रडणं, जे येईल ते घ्यायचं. शेजारच्या भाभी लिफ्टमध्ये भेटल्या की दरवेळी तेच म्हणतात, "अरे, आप अंदर भी, बाहर भी!" आणि दरवेळी मीही हसते. पण खरं सांगू? बाईंनी हे ऐकलं असतं ना, तर मला त्याच लिफ्टमधून खाली ढकललं असतं. म्हणाल्या असत्या, "कोणाशी बोलतेयस गं तू? समोर कोण आहे ते तरी ठरव आधी."

बाई म्हणजे आमच्या बाई. नाव मुद्दामच सांगत नाही. ज्यांच्या घरात दुपारी रेडिओ लागायचा त्यांना सांगायची गरज नाही, आणि ज्यांच्या घरात लागत नव्हता त्यांना सांगून काही उपयोग नाही. आधी रेडिओ, मग टीव्ही, आणि शेवटी केबिन रोडवरच्या भांड्यांच्या दुकानावरचं आमचं केबल चॅनेल, असा त्यांचा प्रवास. लोक खालून वर चढतात, बाई वरून खाली आल्या, पण आल्या त्या अशा थाटात, की आम्हालाच वाटावं आपण काहीतरी मोठं काम करतोय. मी तिथे फोन घ्यायचे, कार्यक्रम जोडायचे, चहा सांगायचे. आम्ही परळहून नुकतेच इकडे राहायला आलो होतो आणि मला वाटायचं, मीरा-भाईंदर म्हणजे कुठल्या जगाच्या टोकाला येऊन पडलो. बाई भेटल्या आणि मी ते म्हणणं सोडलं.

रेडिओवर तेव्हा नियम होता, सुरुवातीला 'नमस्कार श्रोतेहो' म्हणायचं. बाईंनी पहिल्याच थेट कार्यक्रमात माईक उघडला आणि विचारलं, "जेवलात का?" आणि गप्प बसल्या. अगदी गप्प. पलीकडच्या खोलीतले साहेब यंत्र बिघडलं म्हणून धावत आले. तोवर बाई पुढे बोलायलाही लागल्या होत्या. नंतर साहेबांनी बोलावून झाडलं, "बाई, रेडिओवर शांतता म्हणजे गुन्हा आहे, कळतंय का?" तर ह्या म्हणतात, "साहेब, विचारायचं आणि उत्तराला थांबायचं नाही, हे कुठल्या घरात शिकवतात?"

बाईंनी शेवटपर्यंत ते सोडलं नाही. दुपारी एक वाजता तेच दोन शब्द, आणि मग ते थांबणं. लोकांची कार्डं यायची म्हणे, तुम्ही विचारलंत तेव्हा माझ्या तोंडात घास होता, तुम्ही थांबलात म्हणून बरं झालं. मी एकदा त्यांना विचारलं, "पण बाई, थांबायचं तरी किती?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी भात कसा शिजवतात ते विचारलंय. "घास गिळून माणूस 'हो' म्हणेल इतकं. त्यात काय कळायचंय?"

बाई घोडबंदरच्या. खाडीकाठी त्यांच्या घरच्यांची मिठागरं होती. त्यांची आई, वडील, सगळे आगरात राबलेले. आता तिथे आगर नाही, टॉवर आहेत, भाऊ टेम्पो चालवतो. पण बाईंच्या अंगातून मीठ काही गेलं नव्हतं. पर्समध्ये एक पत्र्याची डबी असायची, तिच्यात खडेमीठ. गरम पाण्यात टाकून गुळण्या करायच्या. पाकिटातलं मीठ दिसलं की नाक मुरडायच्या, "हे मीठ नव्हे, टाल्कम पावडर आहे." हॉटेलात गेलं की डाळीत आपल्या डबीतला खडा टाकायच्या आणि वेटरला सुनवायच्या, "तुम्हारे मालिक को बोलना, नमक का भी घर होता है." वेटर बिचारा 'जी मॅडम' म्हणून पळायचा.

आणि चपला! स्टुडिओत चपला घालून यायचं नाही. कोणीही असो. दाराबाहेर काढायच्या आणि अनवाणी आत यायचं. "आगरात कोणी चपला घालून उतरतं का? लोकांच्या तोंडात जायचंय ते मीठ. मग माझं बोलणंही लोक जेवतानाच ऐकतात ना?" एकदा एक नगरसेवक मुलाखतीला आले, मागे चार पोरं, गळ्यात चेन, बूट असे चकाचक की तोंड दिसावं. बाई दारातच उभ्या. "बूट बाहेर." ते म्हणाले, "मॅडम, कॅमेऱ्यात पाय दिसत नाहीत." बाई म्हणाल्या, "पण मला दिसतात." त्यांनी बूट काढले आणि मोज्याला हेऽऽ एवढं भोक! अंगठा बाहेर डोकावतोय. मी तोंडात ओढणी कोंबली. बाईंनी मात्र अगदी मायेनं सांगितलं, "मोजेही काढा, गार वाटेल." तर काय सांगू, त्या माणसानं आयुष्यातली सगळ्यात बरी मुलाखत दिली त्या दिवशी. गटारांबद्दल खरं बोलला. नंतर पस्तावला असेल.

टीव्हीवर असताना बाई देशभर ओळखल्या जाऊ लागल्या असं नाही म्हणणार मी, पण मराठी घरांत तरी बाईंच्या साडीची चर्चा दुसऱ्या दिवशी व्हायचीच. त्या रेशमी साडीखाली त्या अनवाणी आहेत हे फक्त कॅमेरावाल्यांना माहीत. मग चॅनेलं वाढली, सगळं चकचकीत झालं, आणि एका नव्या साहेबानं, तो त्यांच्या मुलाच्या वयाचा, त्यांना सांगितलं, "मॅडम, ओपनिंग मस्त आहे, फक्त तो पॉज काढूया. लोक चॅनेल बदलतात." बाईंनी पर्स उचलली, चपला हातात घेतल्या आणि खाली उतरल्या. आमच्या केबलच्या शेठची आई बाईंचा रेडिओ ऐकून ऐकून मराठी शिकली होती. तिनं शेठला सांगितलं, "ए बेन ने बोलाव." शेठनं बोलावलं. बाईंची एकच अट, थांबणं कापायचं नाही.

इथवर वाचून तुम्हाला वाटेल, काय शांत, मायाळू, शहाणी बाई होती. अहो, छे! बाईंना दोन आवाज होते. माईकसमोरचा मधाचा. आणि माईक बंद झाला की दुसरा, आगरी बोलीतला, खाडीच्या या काठावरून त्या काठावर जाणारा. फोनवर तर अशा ओरडायच्या की फोनची गरजच काय असा प्रश्न पडावा. भाईंदरच्या बाजारात एकदा मी त्यांच्याबरोबर मासळी घ्यायला गेले. बाई आणि कोळीण, दोघींची अशी जुंपली की लोक भोवती जमले. शेवटी कोळणीनं बाईंकडे निरखून बघितलं आणि म्हणाली, "तुजं थोबाड त्या टीवीवाल्या बायसारखं हाय. पन ती बाय बग किती सभ्य बोलतं. जरा शिक तिच्याकडून!" बाई पापलेटं घेऊन निघाल्या आणि रिक्षात बसेपर्यंत पोट धरून हसत होत्या. मग पापलेटांची पिशवी मांडीवर घट्ट धरली.

म्हणाल्या, "माझी आयसुद्धा हेच म्हणते."

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, आणि कळल्यावर आधी हसू आलं, खरं सांगते. बाईंच्या आईला शेवटपर्यंत पटलंच नाही, की रेडिओतली ती बाई म्हणजे आपली मुलगी.

झालं असं. बाईंचा पहिला कार्यक्रम होता तेव्हा सगळी आळी एका रेडिओभोवती बसली. बाई घरी आल्या तर सगळे कौतुक करतायत, आणि आई चुलीपुढे ढिम्म. "आय, कसं वाटलं?" आई म्हणाली, "बाय ग्वाड बोलतं. पन तू कवा बोलनार होतीस?" बाई म्हणाल्या, "अगो तीच मी!" आईनं मान हलवली. "माज्या पोरीचा आवाज मना म्हाईत न्हाय? माजी पोर बोलली असती तर दोन शिव्या तरी आल्या असत्या." आणि तिचं एकदा ठरलं ते ठरलं. म्हातारीचं डोकं म्हणजे काय, बाईंचंच डोकं, जुन्या मापाचं.

म्हातारीच्या हट्टावर कोणाचा इलाज चालणार? बाईंनी काय काय करून बघितलं. एकदा कार्यक्रमात आईचं नाव घेऊन नमस्कार सांगितला. घरी गेल्या तर आई आनंदानं वेडी. "बग, त्या बायला माजं नाव म्हाईत हाय! तू कवा घेतलंस माजं नाव कुटं?" एकदा आईला प्रत्यक्ष स्टुडिओत न्यायचं ठरवलं, तर आईनं दारात पाय रोवले, "मी न्हाय येत, त्या बायच्या कामाची खोटी होल." टीव्ही आला तेव्हा बाईंना वाटलं, आता तरी सुटका. तोवर आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, आणि ऑपरेशनला ती काही तयार होईना. रेशमी साडीतली एक गोरीगोमटी आकृती तिला दिसायची. म्हणाली, "ही बाय अर्धा तास एका जागी बसलं हाय. माजी पोर बसल काय?"

पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, पण इथे तर पिकवणारीच म्हणत होती, हे माझ्या शेतातलं नाही. बाई वरवर चेष्टेवर न्यायच्या. पण एकदा, गुळण्या करता करता, मला म्हणाल्या, "मला बक्षिसं मिळाली, शाली मिळाल्या, त्या कपाटात किती आहेत ते मलाही माहीत नाही. पण मला एकच पाहिजे. आयनं एकदा त्या टीव्हीकडे बोट करावं आणि म्हणावं, ही माजी पोर. बस. मग मी मरायला मोकळी." आणि पुन्हा गुळण्या सुरू. मी चहा सांगितला.

मी एकदा त्यांच्या घरी जेवायला गेले. नवीन पक्कं घर, खाली टेम्पो, अंगणात जाळं वाळत घातलेलं. म्हातारी पायरीवर बसलेली, पाय जाड, मिठानं चिरलेले, नजर पलीकडे. बाईंनी आल्या आल्या विचारलं, "आय, जेवलीस का?" तर म्हातारी खेकसली, "जेवू न्हाय तर काय उपाशी बसू तुज्यासाठी?" आणि दोघी जे भांडायला लागल्या! निवट्यांच्या, त्या खाडीतल्या माशांच्या, कालवणात आंबट जास्त की कमी, यावरून. बाईंच्या वहिनी शांतपणे भाकऱ्या थापत होत्या. मला म्हणाल्या, "घाबरू नको, ह्यांचे लाडच असे असतात." मग एक वाजला, कार्यक्रम लागला. त्या दिवशीचा भाग आदल्या दिवशीच चित्रित केलेला होता. टीव्हीतून बाईंचा तो मधाचा आवाज आला, "जेवलात का?" आणि म्हातारी एकदम हळुवार झाली हो. तोंडातला घास गिळला, पदर सावरला आणि टीव्हीला म्हणाली, "जेवतंय बाय, तू जेवलीस?" बाई माझ्यासमोर बसल्या होत्या, ताटातली भाकरी हातात तशीच. त्यांचा चेहरा मला बघवेना. मी कालवणाकडे बघितलं.

परत येताना मी म्हटलं, "बाई, एवढंच आहे तर एकदा कार्यक्रमात तुमच्या बोलीत बोला ना. शिव्या द्या दोन. लगेच ओळखतील."

बाई रिक्षाबाहेर बघत म्हणाल्या, "बोलेन गं. शेठ नाही म्हणणार नाही. पण मग ती बाई संपेल. आयला दुपारी विचारणार कोण? मी? मी विचारलं तर खेकसते, बघितलंस ना? त्या बाईनं विचारलं की पदर सावरून बोलते. तिची ती एक मैत्रीण आहे. मी माझ्या हौसेपायी आयची मैत्रीण मारू?" मग एकदम रिक्षावाल्याला, "भैया, गड्ढे में से क्यों ले जा रहा है, बाजू में रास्ता नहीं दिखता?" बाईंचं असंच. डोळ्यांत पाणी आलं की रिक्षावाल्याची खैर नाही.

आणि मग तो फोन आला.

आमच्या कार्यक्रमात शेवटी लोकांचे फोन घ्यायचो. कोणी पाककृती विचारायचं, कोणी सुनेची तक्रार करायचं. मी काचेच्या अलीकडे फोन उचलला. "हॅलो, कुठून बोलताय?"

"घोडबंदरशी बोलतंय. त्या बायला दे."

म्हातारीचा आवाज मी लगेच ओळखला. वहिनींनी नंबर लावून दिला असणार. मी काचेतून बाईंकडे बघितलं आणि ओठांनी सांगितलं, तुमची आई. बाईंनी क्षणभर डोळे मिटले. मग मान हलवली, दे.

"नमस्कार," बाई त्याच मधाच्या आवाजात म्हणाल्या. "जेवलात का?" आणि थांबल्या.

"जेवलू. तू जेवलीस?"

"कार्यक्रम झाला की जेवेन, आई." आता बाई सगळ्याच म्हाताऱ्यांना आई म्हणायच्या. त्यात वेगळं काही नव्हतं.

"आदी जेवाचं. पोट रिकामं असलं का आवाज खोल जातं. बाय, एक सांगाचं हाय. राग मानू नको."

"बोला ना."

"माजी एक पोर हाय. ती सगल्यांना सांगतं, का टीवीतली ती बाय म्हंजे मीच. तुजं नाव लावतं गो. मना लाज वाटतं. आज तू भेटलीस म्हनून तिच्या वतीनं मीच माफी मागतंय."

कॅमेऱ्यावरच्या पोराला काही कळत नव्हतं, तो अंगठा दाखवत होता, छान चाललंय म्हणून. मला कानातला हेडफोन काढून फेकावासा वाटला. बाईंचा चेहरा मात्र जसाच्या तसा. इतकी वर्षं माईकसमोर काढलेली बाई ती. फक्त टेबलाखाली त्यांच्या पायाचा अंगठा जमिनीवर दाबलेला मला दिसला.

"आई," त्या म्हणाल्या, "ती खोटं बोलत नसेल."

"बोलतं. पन वाईट न्हाय ती. मना बरं वाटावं म्हनून बोलतं. तिला वाटतं, आयला अशी ग्वाड बोलनारी पोर पायजे. मना न्हाय पायजे. मना माजी भांडकुदलच बरी हाय. ती आली, भांडली, का घर भरतं. तू तिला कवा भेटलीस तर सांग, तुला कोन बाय व्हवाची गरज न्हाय. सांगशील?"

बाई थांबल्या. नेहमीइतक्याच. एक घास गिळायला लागतो तेवढंच.

"सांगते, आई."

"आन जेवून घे," म्हातारी म्हणाली आणि फोन ठेवला.

जाहिराती लागल्या. बाई उठल्या, बाहेर आल्या, माझ्यासमोर उभ्या राहिल्या आणि त्यांचा तो दुसरा आवाज फुटला. "बघितलंस? म्हातारीनं अख्ख्या मीरा-भाईंदरसमोर मला खोटारडी ठरवली!" हसत होत्या, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. खालच्या दुकानात कोणाच्या तरी हातून परात पडली, ती खणखणत राहिली. बाई म्हणाल्या, "वाजव, वाजव, आता तूही वाजव." मी त्यांना धरून खुर्चीत बसवलं. मला बाईंचा हेवा वाटला त्या वेळी, हेही सांगून टाकते. माझ्या आईनं माझ्याबद्दल परक्याला काय सांगितलं असतं ते मला कधीच कळणार नाही.

त्यानंतर बाई घोडबंदरला जास्त जायला लागल्या. भांडायलाही जास्त लागल्या, वहिनी सांगायच्या. पण 'ती बाय मीच' हे म्हणणं त्यांनी सोडून दिलं. म्हातारीनंच एकदा विचारलं म्हणे, "त्या बायनं तुला काय सांगितलं काय?" बाई म्हणाल्या, "सांगितलं." म्हातारी म्हणाली, "मग बरं झालं," आणि कालवणात मीठ टाकलं.

म्हातारी आजारी पडली ते पुढच्या वर्षी. अन्न जाईना. बाईंनी कधी सुट्टी घेतली नव्हती, ती घेतली. शेठ म्हणाले, जुने भाग लावा. मी जुने भाग लावले. शेठ म्हणाले, मधली ती गॅप काढ, तेवढ्यात एक जाहिरात बसते. मी म्हटलं, शेठ, बाईंची अट होती. शेठ म्हणाले, "रेहवा दे," आणि निघून गेले. एवढंच. तेव्हा मला काही सुचून मी ते केलं असं नाही. बाई ओरडल्या असत्या ना, म्हणून.

सगळं आटोपल्यावर, सुतक वगैरे फिटल्यावर, बाई केबिन रोडवर आल्या. वर स्टुडिओत आल्याच नाहीत. मला खाली बोलावलं. भांड्यांच्या दुकानाशेजारी चहाची टपरी आहे, तिथल्या बाकावर बसलो. चहात त्यांनी डबीतला मिठाचा एक कण टाकला. हे नवीनच होतं.

"त्या दुपारी," बाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज हा नव्हता, तोही नव्हता, कुठलातरी मधलाच होता, "मी आयच्या उशाशी बसले होते. तिचा हात माझ्या हातात. कित्येक दिवस ती कोणाला ओळखत नव्हती. वहिनीनं सवयीनं एक वाजता टीव्ही लावला. आणि तो प्रश्न आला. माझ्याच आवाजात. जेवलात का? आणि मग ते थांबणं. अगं, इतकी वर्षं मी थांबत आले, पण त्या थांबण्याच्या पलीकडे काय होतं ते मी धड कधी पाहिलंच नव्हतं. माझी नजर नेहमी घड्याळावर. त्या दिवशी मी पलीकडे बसले होते."

त्यांनी चहाचा घोट घेतला.

"आयनं डोळे उघडले. पदर सावरायला गेली, हात उचलवेना. टीव्हीला म्हणाली, 'न्हाय गो जेवलू. चव गेली. पन आज माजी पोर हाय घरात.' आणि मग तो हात उचलला तिनं, बघ, जो उचलवत नव्हता तो. माझ्याकडे बोट केलं. टीव्हीला म्हणाली, 'ही बग. ही माजी पोर.'"

मी बाकाची कड घट्ट धरली होती. समोरून हातगाडीवाला 'साइड, साइड' करत गेला. मी विचारलं, "मग?"

"मग काय. टीव्हीतली ती बया पुढे बोलायला लागली. लिंबाच्या लोणच्याबद्दल. आयला अजून काहीतरी सांगायचं होतं तिला, ओठ हलत होते. पण ती कुठली थांबते? माझं थांबणं कमी पडलं गं. जरा अजून थांबायला हवं होतं."

बाई पुन्हा कामावर आल्या. चपला बाहेर, डबी पर्समध्ये, सगळं तेच. फक्त थांबणं लांबलं. इतकं, की लोकांचे फोन यायला लागले, टीव्ही अडकलाय का? शेठनं दोनदा माझ्याकडे बघितलं, पण कापायला सांगितलं नाही. पुढे लोक मोबाइलवरच सगळं बघायला लागले, चॅनेल बंद पडलं. मग बाई वारल्या. घोडबंदरलाच गेल्या, भावाच्या घरी. मी पोचले तेव्हा वहिनींनी मला आधी ताटावर बसवलं, म्हणाल्या, तिनं सांगून ठेवलं होतं, आलेल्याला उपाशी धाडू नका.

आता दुपारी एक वाजता मी डबिंगच्या खोलीत एकटी डबा उघडते. आजूबाजूला सगळीकडे आवाज, माझेसुद्धा, पण विचारत कोणी नाही. फार आठवण येते बाईंची. मग मी घास तोंडात तसाच धरते, जरा थांबते, अजून जरा थांबते, आणि मग मोठ्यानं म्हणते, "जेवतेय, बाई."